गच्चीवरचा टोमॅटो आणि बुलबुलाची नजर

टोमॅटो बुडाकडून पिकू लागतो. हिरव्या फळाच्या खालच्या टोकाला फिकट गुलाबी झाक येते आणि ती आपल्या लक्षात यायच्या आत फळावर चोचीचा खड्डा पडलेला असतो. निगडी-प्राधिकरण, थेरगाव, पिंपळे सौदागर, मोशी, पिंपरी-चिंचवडमध्ये कुठेही गच्चीवर किंवा बाल्कनीत भाजी पिकवणारा कुणीही भेटला की ही तक्रार ऐकू येतेच. टोमॅटो आणि अंजिराला बुलबुल, पेरूला पोपट, नुकत्या उगवलेल्या मेथीला चिमण्या, पेरलेल्या वालाला कबुतरं. साळुंकीला यातलं काहीही चालतं.

बुलबुलाला आधी कळतं, कारण त्याला दिसतं ते आपल्याला दिसत नाही. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, बहुतेक पक्ष्यांत चार. चौथ्या प्रकारामुळे त्यांना अतिनील किंवा त्याच्या अगदी जवळचा प्रकाशही दिसतो. शिवाय प्रत्येक शंकुपेशीत तेलाचा सूक्ष्म थेंब असतो, त्यातले बरेचसे रंगीत. त्यातून प्रकाश गाळला जातो आणि जवळजवळच्या छटा वेगळ्या ओळखू येतात. अनेक रानफळं पिकताना लाल-काळी होतात ती हिरव्या पानांत पक्ष्याला दिसावीत आणि त्याने बी दूर न्यावं म्हणूनच.

मग उपाय सुरू होतात. जुन्या सीडी, चमकती फीत, बुजगावणं, प्लास्टिकचं घुबड. पहिले काही दिवस पक्षी बिचकतात, नंतर त्याच सीडीशेजारी बसून फळ खातात. दिसलेल्या गोष्टीपासून पुन्हा पुन्हा काहीच इजा झाली नाही, की तिच्याकडे दुर्लक्ष करायचं, हे प्राणिवर्तनशास्त्रात शिकण्याचं सर्वांत साधं रूप मानतात. अमेरिकेत मायकल कॉनोव्हर यांनी १९८५ मध्ये भाजीच्या वाफ्यांत कावळ्यांवर केलेला प्रयोग मला यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. नुसत्या उभ्या प्लास्टिकच्या घुबडाला कावळे जुमानेनात. त्याच घुबडाच्या पंजात पंख हलवणारा खोटा कावळा दिल्यावर मात्र ते दूर राहिले. धोका जिवंत दिसला तरच तो धोका.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे ठाऊकच होतं. मोशी, चऱ्होली, तळवडे ही गावं १९९७ मध्ये महापालिकेत आली; त्याआधी तिथे शेतं होती आणि ज्वारी निसवली की माळ्यावर राखण्या बसायचा. गोफण आणि हाळी यांना पाखरं घाबरायची, कारण मागे खरा माणूस होता आणि दगड कुठून येईल याचा नेम नव्हता. पक्ष्यांची चराईची मुख्य वेळ सूर्योदयानंतरची आणि मावळतीआधीची. भोसरी किंवा चाकणला पहिल्या पाळीची बस पकडणाऱ्याला त्या वेळी गच्चीवर राखण करत बसता येत नाही. तेव्हा सीडी लावायचीच असेल तर फळं रंगू लागल्यावर लावा, दर दोन-तीन दिवसांनी जागा बदला आणि तोडणी संपली की काढून ठेवा. वर्षभर टांगलेली सीडी पक्ष्यांच्या दृष्टीने कुंडीसारखीच एक वस्तू.

मिरचीच्या पाण्याची फवारणी मात्र सरळ सोडून द्या. मिरचीतल्या कॅप्सायसिनने आपल्या तोंडाची आग होते ती टीआरपीव्ही-१ नावाच्या ग्राहक-प्रथिनामुळे. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये ते शोधलं. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा आहे. हे प्रथिन पक्ष्यांतही असतं, चटक्याची उष्णता त्यांना त्यानेच कळते, पण कॅप्सायसिनला ते दाद देत नाही. सस्तन प्राणी बी दाताखाली चिरडतात, पक्षी बहुधा अख्खी गिळून दूर टाकतात. मिरचीचा तिखटपणा पहिल्यांना अडवतो, दुसऱ्यांना वाट देतो. उलट, द्राक्षाच्या गोळ्यांना जो गोड वास असतो तो देणारं मिथाइल अँथ्रानिलेट पक्ष्यांना झोंबतं. परदेशात पिकांवर ते फवारतातही.

मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय फुकटचा आहे: फळ लवकर तोडणं. टोमॅटो, चिकू, सीताफळ ही फळं पक्व झाली की स्वतः इथिलीन वायू तयार करतात आणि झाडावरून काढल्यावरही पिकतात. गुलाबी झाक दिसताच टोमॅटो तोडून स्वयंपाकघरात ठेवला तर काही दिवसांत तो लाल होतो आणि चवीत फारसा फरक पडत नाही. द्राक्ष, डाळिंब, स्ट्रॉबेरीचं तसं नाही. ती तोडल्यावर गोड होत नाहीत, त्यांना झाडावरच झाकावं लागतं.

झाकायला हळदीकुंकवाच्या वाणासोबत येणाऱ्या जाळीच्या छोट्या पिशव्या उत्तम. फळ धरल्यावरच बांधायच्या. पेरू-डाळिंबाला कागदी पिशवीही चालते आणि फळमाशीही टळते. पूर्ण वेल झाकणार असाल तर आधी फुलांचा विचार करा. टोमॅटो-मिरचीचं वाऱ्याच्या हलण्यानेही भागतं, पण काकडी आणि भोपळ्याला मधमाशी लागते. जाळीआड त्यांची फुलं गळून पडतील. नाहीतर सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर स्वतः फिरवावं लागेल. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून त्यांचं काम दिवेलागणीला. मेथी-कोथिंबिरीच्या रोपांना पहिले काही दिवस भाजीचा उपडा क्रेट पुरतो.

पक्षी गच्चीवर येऊच नयेत, असं मात्र कुणी मनात आणू नये. साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल हे दोन्ही जगातल्या १०० उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत आहेत, आणि त्या यादीत पक्षी आहेत फक्त तीन. पण ती बदनामी माणसाने त्यांना नेलेल्या परक्या मुलखांतली आहे. साळुंकी १७६२ मध्ये भारतातून मॉरिशसला नेली गेली ती टोळ खाण्यासाठीच. इथे हे दोन्ही पक्षी आपल्याच घरी आहेत. चिमणी एरवी दाणे टिपते, पण पिल्लांना प्रामुख्याने किडे-अळ्या भरवते. बुलबुलाच्या पिल्लांनाही अळ्या लागतात. चीनने १९५८ मध्ये चिमण्या मारण्याची मोहीम काढली, त्यानंतर किडींनी पिकं खाल्ली आणि १९६० मध्ये चिमणीला त्या मोहिमेतून वगळावं लागलं.

म्हणून जाळी निवडताना पक्ष्याचा जीव आधी. मोठ्या छिद्रांच्या सैल नायलॉन जाळीत पाय आणि पंख अडकतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवरच्या जाळीचं छिद्र ताणल्यावरही ५ मिलिमीटरहून मोठं चालत नाही. तपासणी सोपी आहे: बोट आत गेलं तर ती जाळी घेऊ नका. पांढरी घ्या, ती पक्ष्यांना लांबूनही दिसते. बांबूच्या चौकटीवर ताणून बसवा, खालची कडा विटांनी दाबा. कुंड्यांवर मांजा किंवा मासेमारीची तार आडवी-तिडवी बांधू नका. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, आणि गच्चीवर उरलेला तुकडाही पंख कापतो. जाळी लावली की सकाळ-संध्याकाळ एकदा बघून या. एखादा पक्षी अडकला असेल तर त्याच्यावर हलका कपडा टाका, म्हणजे तो शांत होतो, आणि धागा ओढत न बसता कात्रीने कापा.