पोटरीला चेंडू कुणी मारला?

आमच्या टेनिसच्या गटात नऊजण आहेत. सर्वांत धाकटा ४९ वर्षांचा, थोरला ६८ चा. सकाळी साडेसहाला कोर्टावर जमलो की पहिली दहा मिनिटं खेळ नसतोच. कुणी नी-कॅप चढवतो, कुणी कोपराखाली पट्टा आवळतो, कुणी घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळतो. बघणाऱ्याला वाटावं, ही मंडळी दवाखान्यातून परस्पर इकडे आली! यात बँकेतून निवृत्त झालेले आहेत, शिक्षक आहेत, फौंड्रीवाले आहेत, एक वकीलसाहेब आहेत. स्कोअर मराठीत, भांडण कन्नडमध्ये आणि चेंडू ‘आउट’ होता की नव्हता याची शपथ दोन्ही भाषांत.

पन्नाशीनंतर दुखापत होणार हे आम्ही धरूनच चालतो. खरा प्रश्न असतो परत येण्याचा. धंदेवाईक खेळाडूच्या मागे फिजिओ, प्रशिक्षक, पुरस्कर्ते असा लवाजमा असतो. आमच्या मागे घरची माणसं असतात आणि ती बहुधा विरुद्ध बाजूनं खेळत असतात.

आमच्यातल्या अण्णांची गोष्ट सांगतो. २०२२ ची दिवाळी नुकतीच झाली होती. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. जून ते सप्टेंबर आमचं मातीचं कोर्ट बंदच असतं. चार महिने बसून राहिलेलं अंग दसऱ्यानंतर एकदम पळायला लागतं आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त माणसं याच दिवसांत जायबंदी होतात. अण्णा तेव्हा ६१ चे. जाळीजवळ हलकेच टाकलेल्या चेंडूसाठी ते मागून झेपावले, ‘फट्’ असा आवाज आला, आणि ते थांबून मागे वळून ओरडले, ‘‘पोटरीला चेंडू कुणी मारला रे?’’

मागे कुणीच नव्हतं. टाचेमागची जाड दोरी, डॉक्टर जिला अकिलिस टेंडन म्हणतात, ती तुटली होती. मागून कुणी तरी मारल्यासारखं वाटणं ही तिची ठरलेली खूण. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना पालथं झोपवलं आणि पोटरी दाबली. शाबूत पायाचं पाऊल लगेच हललं, दुसऱ्याचं हललं नाही. निदान तिथंच झालं. शरीरातली ही सगळ्यात दणकट कंडरा. पण टाचेच्या चार बोटं वर तिला रक्तपुरवठा जेमतेम असतो. वय वाढतं तसे तिचे तंतू ताठर होतात आणि एका झेपेत ती दगा देते. तिशी ते पन्नाशीतल्या हौशी खेळाडूंना याचा त्रास जास्त. अण्णांनी तर पन्नाशीही ओलांडलेली.

शस्त्रक्रिया करायची की नुसता बूट घालून जुळू द्यायची, यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. २०२२ मध्येच नॉर्वेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले होते. वर्षाअखेर दोन्ही प्रकारच्या रुग्णांची स्थिती जवळपास सारखी. मात्र शस्त्रक्रिया न केलेल्यांत पुन्हा तुटण्याचं प्रमाण अधिक. अण्णांनी शस्त्रक्रिया निवडली. वहिनी मूळच्या धारवाडच्या. त्यांचं एकच वाक्य होतं, ‘‘साक माडरी इन्न!’’ पुरे करा आता.

पहिले तीन महिने कसेबसे गेले. कठीण काळ आला तो चौथ्या महिन्यात, कारण तेव्हा दुखणं थांबलं. हीच ती फसवी जागा. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असा आपला हिशेब. पण स्नायू लवकर सावरतो, कंडरा सावकाश, आणि ती नुसत्या विश्रांतीनं घट्ट होत नाही. तिच्यावर हळूहळू वाढता भार टाकावा लागतो. फार कमी टाकला तर ती कमकुवत राहते, एकदम टाकला तर पुन्हा तुटते. अण्णा कपाटातली रॅकेट काढून पुसू लागले, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी हसत बजावलं, ‘‘अण्णा, गडबड माडब्याडरी.’’

त्यांची परीक्षा साधी होती. जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं, टाच पूर्ण उचलायची, सावकाश खाली आणायची. चांगल्या पायानं अण्णांच्या २२ झाल्या, दुखऱ्यानं ३. दोन्ही आकडे जवळ आल्याशिवाय कोर्टावर पाऊल नाही, ही अट. अण्णा अर्धी उचललेली टाचही पूर्ण धरू लागले तेव्हा मोजणी वहिनींकडे गेली. कालनिर्णयच्या चौकटीत त्या रोजचा आकडा लिहीत. ६, ६, ५, ८... खेळाला विरोध करणारी बाईच पंच झाली! मला वाटतं, अण्णांचं परतणं खरं तिथं ठरलं. विरोध मावळला असं नव्हे, पण २० चा आकडा लिहिला त्या दिवशी वहिनींनी शिरा केला होता.

अकरा महिन्यांनी अण्णा कोर्टावर आले, तेही फक्त दुहेरीसाठी. एकेरी त्यांनी कायमची सोडली.

आता कोपराबद्दल थोडं, कारण हे दुखणं कोर्टापेक्षा घराघरांत जास्त आहे. ‘लॉन-टेनिस एल्बो’ हा शब्द १८८३ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. पण पिढ्यान् पिढ्या भाकरी थापणाऱ्या, ओले कपडे पिळणाऱ्या आपल्या बायकांनी रॅकेट न धरताच तो भोगला आहे. मनगट वर उचलणारा स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथं चिकटतो तिथली ही झीज. भरलेला तांब्या उचलताना कळ येते ती हीच. मला तीन वर्षांपूर्वी उजव्या हाताला झाला. इंजेक्शनचा आग्रह बऱ्याच जणांनी केला. स्टेरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे छान वाटतं हे खरं. पण वर्षानंतर पाहिलं तर इंजेक्शन घेतलेल्यांची अवस्था न घेतलेल्यांपेक्षा वाईट, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत दिसलं होतं. मी लिटरभर पाण्याची बाटली धरून मनगट सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम केला, तोही चार महिने. रॅकेटच्या तारा सैल करून घेतल्या आणि कडक पॉलिस्टरऐवजी मऊ तार बसवली. बॅकहँड आता दोन्ही हातांनी मारतो. दिसायला बरा दिसत नाही, पण कोपर गप्प आहे.

कुणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? आपल्याच राज्यातल्या कुर्गच्या रोहन बोपण्णाकडे बघा. तो धंदेवाईक, त्याची आमची बरोबरी नाही. पण गुडघ्यातली कूर्चा झिजून गेलेला हा माणूस अय्यंगार योगाकडे वळला. (हे अय्यंगार गुरुजी जन्मानं कोलार भागातल्या बेल्लूरचे, कर्मानं पुण्याचे, म्हणजे आपल्यासारखेच दोन्हीकडचे!) जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यानं मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली आणि दुहेरीत जगातला पहिला क्रमांक मिळवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो निवृत्त झाला. हौशींमध्ये तर युक्रेनच्या खार्किवचे लिओनिद स्तानिस्लावस्की २०२१ मध्ये ९७ व्या वर्षी ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेत उतरले होते.

एक गोष्ट मात्र व्यायामानं निस्तरायची नाही. खेळताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अंगाला गार घाम, असं काही झालं तर रॅकेट तिथंच टाकून दवाखाना गाठायचा. ‘हा गेम संपवून जातो’ म्हणणारे आमच्या गटातही आहेत. त्यांच्या घरच्यांनी हा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवावा.

अण्णा सध्या आठवड्यातून तीन दिवस खेळतात, जाळीजवळ उभे राहून. डोक्यावरून चेंडू गेला की पूर्वी उलटे पळायचे. आता जागचे न हलता ‘‘तुझा!’’ म्हणून ओरडतात, आणि पळतो मी.