मॅडोनाचं 'एक्स्प्रेस युअरसेल्फ': तुम्ही ऐकलंय ते नेमकं कोणतं?

१९८९च्या 'लाइक अ प्रेअर' अल्बमसाठी मॅडोना आणि स्टीफन ब्रे यांनी हे गाणं केलं. अल्बममधल्या रूपात ब्रास वाद्यं ठळक आहेत आणि बाज जुन्या सोल-फंकचा आहे.

सिंगलसाठी मात्र शेप पेटिबोनने रिमिक्स केलं. गायन तेच, पण ताल आणि बेस नवे, थेट डान्स फ्लोअरवर नेणारे. डेव्हिड फिंचरने दिग्दर्शित केलेल्या व्हिडिओतही हेच रूप वाजतं.

१९९०च्या 'द इमॅक्युलेट कलेक्शन' या तिच्या गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहातही पेटिबोनचंच रिमिक्स आहे, क्यूसाउंड तंत्राने पुन्हा मिक्स केलेलं. त्यामुळे अनेकांच्या कानात रिमिक्सच बसलंय.

माझी पसंती अल्बममधल्या रूपालाच! हेडफोन लावून दोन्ही पाठोपाठ ऐका आणि तुम्हाला कोणतं आवडलं ते नक्की सांगा.