होतकरू कथालेखकांचे पाच गैरसमज

जानेवारी २०२० मध्ये ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात भरले. जिल्ह्यात लिहिणाऱ्यांची वाण नाही. पण कथेबद्दलच्या काही ऐकीव समजुती नव्या लेखकाची उमेद भलत्याच कामी खर्ची घालतात. त्या एकदा तपासून घेतलेल्या बऱ्या.

गैरसमज १ : मराठवाड्यातल्या लेखकाने ग्रामीण कथाच लिहावी.

असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव आणि ‘पाचोळा’कार रा. रं. बोराडे यांचे यश डोळ्यांसमोर असते. पण ते यश पत्त्याचे नव्हे, जवळून पारखलेल्या विषयाचे आहे. कथाप्रकार ठरावा तो लेखकाला पडलेल्या प्रश्नावरून. नळदुर्गात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. रहस्यकथेला याहून चांगली जागा कुठली? तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथला माल भडोचच्या बंदरात जाई. ऐतिहासिक कादंबरीचा ऐवज तिथे पडून आहे.

गैरसमज २ : रहस्यकथा, विज्ञानकथा म्हणजे दुय्यम लेखन.

या प्रकारांत साचेबंद लेखन पुष्कळ झाले, म्हणून हा शिक्का बसला. पण साचेबंद ग्रामीण कथाही काही कमी नाहीत. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. परीक्षकांपुढे नामवंत शास्त्रज्ञ नव्हता, नुसती कथा होती. कथाप्रकार वाचकाला एक वचन देतो. ते पाळले की मोडले, यावर दर्जा ठरतो. रहस्यकथेतला गुन्हेगार शेवटच्या पानावरच पहिल्यांदा उगवला, तर वचन मोडले.

गैरसमज ३ : वेग म्हणजे घटनांची गर्दी.

दर भागाला धक्का देणाऱ्या मालिका पाहून असे वाटू लागते. चंदनशिवांची ‘लाल चिखल’ आठवावी. टोमॅटोला भाव मिळत नाही आणि बाप भर बाजारात आपलाच माल पायांनी तुडवतो. मोठी घटना एवढीच. ती अंगावर येते, कारण त्या मालाचे मोल वाचकाला तोवर कळलेले असते. तीन पानांत खून, अपघात आणि पळून जाणे कोंबले, तर वाचकाला कोणाचीच काळजी वाटत नाही. पात्राला निर्णय घ्यावा लागतो तिथे रेंगाळावे. येणे-जाणे एका वाक्यात उरकावे.

गैरसमज ४ : रंगरूप सांगितले, तोंडी बोली घातली की पात्र उभे राहते.

शाळेतल्या निबंधांपासून ‘सावळा वर्ण, धारदार नाक’ अशीच सवय लागते. प्रत्यक्षात पात्र दिसते ते कृतीतून. तुळजापूरच्या बसस्थानकावर सुट्या रुपयासाठी कंडक्टरशी हुज्जत घालणारा माणूस घटकाभराने पायी आलेल्या अनोळखी म्हातारीच्या जेवणाचे पैसे गुपचूप देतो, तेव्हा त्याचे नाक कसे आहे हे कोणी विचारत नाही. बोलीचेही तसेच. ‘पाचोळा’त शिंप्याची बायको आपल्या संसाराची परवड सांगते, तिथे बोली हीच तिची नजर असते. कर्नाटकाला लागून असलेल्या उमरग्याचा म्हातारा आणि परंड्याची कॉलेजकुमारी कथेत सारखेच बोलू लागले, तर ती बोली नुसती सजावट ठरते.

गैरसमज ५ : पात्राचा विकास म्हणजे शेवटी त्याचे सुधारणे.

कीर्तनातले दृष्टांत, बोधकथा आणि चित्रपट यांतून ही अपेक्षा मुरलेली असते. त्या त्या ठिकाणी ती योग्यही आहे. कथेत मात्र माणूस खचेल, कडवट होईल किंवा हट्टाने आहे तसाच राहील. ‘पाचोळा’तले घर सावरत नाही, उद्ध्वस्त होते, तरी पात्रे अपुरी वाटत नाहीत. परिस्थितीच्या रेट्यात माणसाचे जे रूप उघडे पडते, तोच त्याचा विकास. शेवटच्या परिच्छेदात अचानक उपरती झालेला सावकार पटत नाही, कारण त्या बदलाची पेरणी आधी कुठेच झालेली नसते.

कथा अंकाकडे धाडण्यापूर्वी एक कसोटी जरूर लावावी. संवादांतली नावे झाकून कोण बोलते ते ओळखता येते का, हे पाहावे. येत नसेल, तर नवी कथा हाती घेण्याआधी तीच पुन्हा लिहावी.