फिरायला जाताना खर्च झालेल्या वेळेची किंमत कशी धरायची?

उद्यानाचं तिकीट 20 रुपये असलं, तर लोकांच्या लेखी त्याची किंमत 20 रुपयेच का? अर्थातच नाही. तिथे पोहोचायला पैसे लागतात आणि वेळही जातो. 1947 साली हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाला पत्रातून सुचवलं, की प्रवासाचा खर्च हीच भेटीची किंमत धरून मागणी काढता येईल. पुढे मॅरियन क्लॉसन यांनी ही कल्पना प्रत्यक्ष वापरली. हीच ‘प्रवासखर्च पद्धत’.

आता वेळ का मोजायचा, ते बघू. समजा, एका उद्यानाला दोन गावांतून लोक येतात.

गाव अ : जाण्यायेण्याचा खर्च 50 रुपये, वेळ 1 तास, हजारी 400 भेटी.
गाव ब : खर्च 200 रुपये, वेळ 4 तास, हजारी 100 भेटी.

फक्त पैसे मोजले, तर 150 रुपयांच्या फरकाने 300 भेटी घटल्या, म्हणजे दर 10 रुपयांना 20. आता तासाला 50 रुपये धरा. एकूण खर्च 100 आणि 400 होतो. फरक 300 रुपयांचा, म्हणजे दर 10 रुपयांना 10 भेटी घटल्या. वेळ सोडला की लोक पैशाला फारच बिचकतात असं वाटतं आणि उद्यानाचं मूल्य कमी निघतं. त्या जागी धरण किंवा रस्ता करायचा प्रश्न आला, तर कागदावर उद्यान हरतं!

पण तासाला 50 च का? वेळेचा संधी खर्च मजुरीवरून ठरवतात. 1976 मध्ये फ्रँक सेसारिओ यांनी कामावर जाण्यायेण्याच्या अभ्यासांवरून मजुरीचा एक तृतीयांश हिस्सा सुचवला. मजुरी तासाला 150 असेल, तर 50. हा आकडा पुष्कळ वापरला जातो, पण तो नियम नव्हे. पगारी नोकराचा रविवारी पगार कापला जात नाही. रोजंदारीवाल्याचा मात्र अख्खा रोज बुडतो. गृहिणीला मजुरी नाही, म्हणून तिचा वेळ फुकट धरायचा का? शिवाय घाटातला प्रवास कुणाला कंटाळा वाटतो, तर कुणाला तीच सहल वाटते.

म्हणून असा अहवाल हाती आला की आधी एवढंच बघा : वेळेला काय भाव लावलाय, आणि कुणाच्या वेळेला?