तिथलीबी लाइन गेली तं?



शेंदूरजनाघाटच्या आमच्या गटांच्या बैठकीत मागे आम्ही सगळ्यांना तीन नंबर लिहून दिले. तातडीच्या मदतीसाठी ११२, अॅम्ब्युलन्ससाठी १०८ आणि महिला मदतवाहिनीसाठी १८१. लिहिणं संपत आलं तेव्हा मागून एका काकूंनी विचारलं, "पन बाई, आपल्याइकडं तं वारं सुटलं का लाइन जाते. तिथलीबी लाइन गेली तं आपला फोन कोन उचलते?"

बाकीच्या हसल्या. आम्हाला मात्र उत्तर देता आलं नाही. रात्री दोनला सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या, किंवा दारू पिऊन कोणी दार तोडायला आलं, तर बाईच्या हातात एक फोनच असतो. तो लागेल की नाही, हा प्रश्न साधा नाही. म्हणून आम्ही माहिती काढली. तीच आज सांगतो.

आधी फोन कुठे जातो ते पाहू. ११२ ची सेवा आपल्या राज्यात २०२१ मध्ये सुरू झाली. आपण वरूड तालुक्यातून ११२ लावला तरी तो थेट जवळच्या ठाण्यात वाजत नाही. टॉवरवरून तो राज्याच्या मदत केंद्रात जातो. तिथे बसलेली व्यक्ती आपलं म्हणणं ऐकते आणि संगणकात नोंद करते. ती नोंद जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षात येते आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. अशी केंद्रं राज्यात दोन आहेत. मुख्य केंद्र नवी मुंबईला आणि दुसरं आपल्या नागपूरला.

दोन केंद्रं शेजारी शेजारी का नाहीत? २६ जुलै २००५ आठवा. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरांत वीज गेली, फोन बंद पडले. दोन्ही केंद्रं तिकडेच असती तर असा एक पाऊस दोघांना बुडवायला पुरला असता. नागपूर तिथून सुमारे आठशे किलोमीटरवर आहे. एकच पूर, एकच आग, एकच वीजबिघाड दोन्हीकडे एकदम पोहोचत नाही.

आपल्या संत्र्याच्या बागेवरून हे लगेच समजतं. विहिरीवर एक मोटर आहे. ती जळाली तर आंबिया बहाराची फळं गळतील, म्हणून शेतकरी दुसरी मोटर आणून ठेवतो. पण दोन्ही मोटरी एकाच डीपीवर असतील आणि डीपीच जळाली, तर दोन मोटरींचा काय उपयोग? म्हणून केंद्र उभारणारे इंजिनियर आधी एकच गोष्ट शोधतात: अशी कोणती वस्तू आहे, जी एकटी बंद पडली तरी सगळं बंद पडेल? ती सापडली की तिला जोड देतात.

चांगल्या कॉल सेंटरमध्ये ही जोड जागोजागी असते. वीज गेली तर आधी बॅटऱ्या चालू होतात आणि तेवढ्यात जनरेटर सुरू होतो. टेलिफोनच्या लाइनी एकाच कंपनीच्या नसतात, दोन कंपन्यांच्या घेतात. पीआरआय नावाच्या एका लाइनवर एका वेळी ३० जणांचं बोलणं चालतं. ती तुटली तर तीसही जणांचे फोन एकदम बंद होतात. म्हणून दोन कंपन्यांच्या केबल इमारतीत दोन वेगळ्या बाजूंनी आणतात. रस्त्याच्या कामावरचा जेसीबी केबल कसा तोडतो, हे आपण पाहिलेलंच आहे. दोन्ही केबल एकाच नालीतून आल्या, तर तो एका घावात दोन्ही तोडेल.

याचा हिशोबही सोपा आहे. समजा, एक केंद्र शंभरातला एक भाग वेळ बंद असतं. म्हणजे वर्षाला साडेतीन दिवसांहून जास्त. दुसरं केंद्रही तसंच. दोन्ही खरोखर वेगवेगळी असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारात एक. म्हणजे वर्षाला साधारण ५३ मिनिटं. साडेतीन दिवसांवरून ५३ मिनिटांवर आलो. पण दोन्ही एकाच डीपीवर असतील तर हा हिशोब पुसून टाका.

आता पुढचा प्रश्न. पहिलं यंत्र बंद पडलं हे दुसऱ्याला कसं कळतं? दोन्ही यंत्रं दर काही सेकंदांनी एकमेकांना खूण पाठवतात, "मी आहे, मी आहे." ही जणू त्यांची नाडी. ओळीने काही वेळा खूण आली नाही, की दुसरं यंत्र काम हातात घेतं आणि नवे फोन त्याच्याकडे वळतात. यातही एक पेच आहे. दोघांमधली तारच तुटली तर? दोघंही समजतील की समोरचा गेला, आणि दोघंही कारभार करायला लागतील. म्हणून तिसरा साक्षीदार ठेवतात. ज्याच्या बाजूने तिसरा, त्याचा कारभार चालतो. आपल्या गटात अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष अशा तिघी असतात आणि बँकेत तिघींपैकी दोघींच्या सह्या चालतात. एक माहेरी गेली तरी काम अडत नाही, आणि एकटीला पैसे काढता येत नाहीत. तोच विचार तिथेही आहे.

यंत्र बदलताना चालू असलेलं बोलणं बहुतेक वेळा तुटतं. पण आपला नंबर आणि सांगितलेली हकीकत दुसऱ्या जागी त्याच वेळी उतरवून ठेवलेली असली, तर तिथली व्यक्ती आपल्याला उलट फोन करू शकते. गटाच्या हिशोबाचं एकच रजिस्टर असलं आणि ते पावसात भिजलं, तर नवीन सचिव काय करील? नुसती दुसरी खुर्ची उपयोगाची नाही. तिच्यापुढे आजच्या तारखेपर्यंतचं रजिस्टर हवं.

माणसांचंही तसंच. समजा, दोन केंद्रांत ५०-५० जणी फोन घेतात आणि रोज शंभरही जणींचे हात भरलेले असतात. एक केंद्र बंद पडलं की उरलेल्या ५० जणींवर शंभर जणींचं काम येईल. फोन लागेल, पण उचलायला कोणी मोकळं नसेल. म्हणून दोन्हीकडे थोडे हात रिकामे ठेवावे लागतात. वरवर तो वाया गेलेला पगार वाटतो, पण अडचणीच्या दिवशी तेच हात कामी येतात.

एवढी तयारी असूनही चूक होते. अमेरिकेत आपल्या ११२ सारखा ९११ नंबर आहे. एप्रिल २०१४ मध्ये तिथे सात राज्यांत सुमारे सहा तास ६,६०० हून जास्त फोन मदतीपर्यंत पोहोचलेच नाहीत. कारण ऐकून आम्ही थक्क झालो. एका केंद्रातलं यंत्र येणाऱ्या प्रत्येक फोनला क्रमांक देत होतं. त्या क्रमांकांची एक मर्यादा कोणीतरी आधी ठरवून ठेवली होती. ती संपली आणि यंत्राने नवे फोन पुढे पाठवणं थांबवलं. वीज होती, लाइन होती, यंत्रही सुरू होतं. दूर दुसरं केंद्रही होतं, पण पहिलं बिघडलं आहे हे वेळेवर कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून काम तिकडे वळलं नाही. म्हणूनच नुसती नाडी पाहून भागत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फोन पोहोचतो का, याची चाचणी अधूनमधून घ्यावी लागते. पहिली बाजू मुद्दाम बंद करून पाहावी लागते, आणि तीही गर्दी नसताना.

हे सगळं ऐकून आम्हाला आमचीच चूक दिसली. आमच्या गटांची अडचणीच्या वेळची यादी होती, पण ती एकाच ताईंच्या मोबाइलमध्ये. एका रात्री वादळात लाइन गेली, त्या ताईंच्या फोनची बॅटरी उतरली, आणि बाळंतपणासाठी गाडी शोधणाऱ्या घराला कोणाचाच नंबर मिळेना. शेवटी शेजारचा मुलगा मोटरसायकलवर गेला आणि गाडी घेऊन आला. बाई आणि बाळ सुखरूप आहेत. पण तो अर्धा-पाऊण तास आमच्या चुकीने गेला. आमची डीपी एकच होती.

आता आम्ही असं केलं आहे. प्रत्येक वॉर्डात फोन घेणाऱ्या दोघी आणि तिसरी राखीव. तिघींचं सिम शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचं. यादी कागदावर, प्रत्येक घरात स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला. नंबर बदलला की त्याच आठवड्यात सगळ्या कागदांवर दुरुस्ती. आणि महिन्यातून एकदा पहिली ताई मुद्दाम फोन उचलत नाही. दुसरीला फोन जायला किती वेळ लागला, ते रजिस्टरमध्ये लिहितो. पहिल्या वेळी २० मिनिटं लागली होती, कारण दुसरीचा नंबर जुना होता. मागच्या वेळी ४ मिनिटं लागली.

आपल्याकडून आणखी एवढं करा. आपण मध्य प्रदेशच्या सीमेला लागून आहोत. मोबाइलने पलीकडचा टॉवर पकडला तर फोन तिकडच्या केंद्रात लागू शकतो. म्हणून आधी राज्य, जिल्हा, तालुका, गाव सांगा आणि जवळची खूण सांगा: देऊळ, शाळा, पाण्याची टाकी. फोन तुटला तर पुन्हा एकदा लावा, नाही लागला तर थोडा वेळ तो मोकळा ठेवा, उलट फोन येऊ शकतो. नातेवाइकांना कळवायला दुसरा फोन वापरा. आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ लावून पाहा. दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असला तर मोबाइल त्यावरून लावायचा प्रयत्न करतो. साध्या फोनमध्ये पॅनिक बटणाची सोय असेल तर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरल्यावर ११२ लागतो. पण गंमत म्हणून किंवा पाहायचं म्हणून हा नंबर लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. तेवढा वेळ एक लाइन आणि एक माणूस अडून राहतो, आणि तेव्हाच कुठे तरी एखादी बाई खरोखर फोन लावत असते.

त्या काकूंना आम्ही पुढच्या बैठकीत उत्तर दिलं, "काकू, मुंबईची लाइन गेली तर नागपूरवाले उचलतील." त्या म्हणाल्या, "अन् आपल्या वॉर्डातली गेली तं?" आम्ही दारामागचा कागद दाखवला. त्यावर राखीव ताई म्हणून त्यांचंच नाव लिहिलं आहे.

आपल्या गटातला कागद या बैठकीत लिहा, आणि पुढच्या बैठकीआधी एकदा फोन न उचलून पाहा.