दिवा खरंच मंद झाला होता

‘गॅसलायटिंग’, म्हणजे समोरच्याला स्वतःच्या डोक्यावरच शंका घ्यायला लावणं, हा शब्द आता कॉलेजच्या कट्ट्यावरही ऐकू येतो. मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाने २०२२ साली त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. तो आला पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ सालच्या ‘गॅस लाइट’ या नाटकातून. १९४४च्या हॉलिवूडपटात इन्ग्रिड बर्गमनने त्यातली पिचलेली बायको साकारली आणि ऑस्कर मिळवलं. बायकोला वेडं ठरवण्यासाठी नवरा मुद्दाम दिवे मंद करतो, अशी ही गोष्ट सांगितली जाते. पहिला गैरसमज इथेच आहे. नवरा चोरून वरच्या मजल्यावर दागिने शोधत असतो, तिथला गॅसचा दिवा लावतो, म्हणून खालची ज्योत मंदावते. बायकोच्या नजरेतून ते सुटत नाही. पण तिचं डोकं ठिकाणावर नाही हे तिला इतकं पटवून दिलेलं असतं की समोर दिसणारी ज्योतही तिला आपला भास वाटते. शेवटी घरात आलेल्या गुप्तहेराला तीच मंदावणारी ज्योत दिसते आणि तिची सुटका होते.

अशा छळातून सावरायला मदत करणाऱ्या समुपदेशकाची अडचण अशी, की गुप्तहेरासारखा तो त्या घरात कधी गेलेलाच नसतो. त्याच्यासमोर फक्त एक माणूस बसलेलं असतं आणि विचारत असतं, “मीच जरा जास्त मनाला लावून घेते का हो?” या उपचारांबद्दलचे बरेच गैरसमज या एका अडचणीतून उगवतात.

‘समुपदेशक सांगेल कोण बरोबर ते.’ आलेल्या व्यक्तीला तेच हवं असतं, आणि नवख्या समुपदेशकाला तसं सांगून टाकण्याचा मोहही होतो. “तुमचा नवरा नार्सिसिस्ट आहे” म्हटलं की समोरच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसतो. पण न भेटलेल्या माणसाचं निदान करता येत नाही. त्याहून मोठा धोका पुढे आहे. जिला वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायची सवय लावली गेली, तिच्यासाठी समुपदेशक हा आता आणखी एक ‘दुसरा’ होतो. “सोडून दे त्याला” हे वाक्य हितचिंतकाचं असलं तरी हुकूमच असतो. म्हणून काम सुरू होतं ते फार साध्या प्रश्नांनी. त्या संध्याकाळी नेमकं काय बोलणं झालं? तेव्हा तुम्हाला काय वाटलं? आणि दुसऱ्या दिवशी त्याचं काय वर्णन झालं? तारखेसह लिहून ठेवायला सांगतात. वही घरी ठेवणं धोक्याचं असेल, फोन तपासला जात असेल, तर ते लिखाण समुपदेशकाकडे राहतं. काही आठवड्यांनी ती स्वतःच पान उलटून म्हणते, “हे तर मी तेव्हाच लिहिलं होतं की!” ज्योत मंद झालेली तिची तिला दिसणं, हा उपचारातला कळीचा क्षण.

आपल्याकडे एक खास अडचण आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे मराठी वाचकांच्या परिचयाची झाली, आणि ते चांगलंच झालं. पण “तुमचा हा विचार विवेकी आहे का?” हा प्रश्न पहिल्याच भेटीत आला, तर घरी रोज ऐकलेल्या “तू डोक्यात काहीही घेतेस” सारखा कानावर पडतो. हा पद्धतीचा दोष नाही, चुकीच्या वेळेचा आहे. जुडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ साली आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले. त्यात सुरक्षितता पहिली, आठवणं आणि शोक त्यानंतर, आणि जगाशी पुन्हा नातं जोडणं शेवटी. विचारांची चिकित्सा करायची तीही पायाखाली जमीन आल्यावरच.

‘एवढा त्रास होता तर राहिली कशाला?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी अबोला आठवून बघावा. चार दिवस घरात शब्द नाही, भांड्यांचाच काय तो आवाज. पाचव्या दिवशी गजरा येतो, “चल, बाहेर जेवू” येतं. सतत वाईट वागणारा माणूस सोडणं त्या मानाने सोपं. कधी माया, कधी छळ, आणि कधी काय ते ठाऊक नाही, ही गाठ सुटत नाही. बक्षीस अधूनमधून आणि अनपेक्षितपणे मिळालं तर सवय जास्त चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगशाळेतल्या कबुतरांनी दाखवून दिलंच होतं. डटन आणि पेंटर या संशोधकांनी १९८१ साली तोच धागा छळाच्या नात्यांपर्यंत नेला. शिक्षण, पगार, हुद्दा यांनी ही गाठ आपोआप सैल होत नाही. उलट शिकलेल्याला ‘माझ्यासारख्याला हे कळलं कसं नाही’ ही लाज जास्त असते. म्हणूनच सोडून आल्यावरही त्या माणसाची आठवण येणं हे परत जायला हवं याचं लक्षण नव्हे, आणि कमकुवतपणाचं तर नव्हेच.

‘दोघांना समोरासमोर बसवा, मिटेल.’ आपल्या घरांतला हा सर्वांत आवडता उपाय. साध्या भांडणाला तो लागूही पडतो. पण एकजण दुसऱ्याला धाकात ठेवत असेल, तर त्या खोलीत उघडपणे बोललेल्या शब्दांची किंमत रात्री घरी वसूल होते. सावध समुपदेशक आधी दोघांना वेगवेगळं भेटतो, भीती आहे का ते पाहतो, आणि असेल तर एकत्र बैठक घेत नाही.

‘माफ केल्याशिवाय मन मोकळं होत नाही’ हेही खरं नाही. माफी ज्याच्या त्याच्या मर्जीची, उपचाराची अट नव्हे.

आणि ‘हात उचलला नाही, मग छळ कसला?’ याचं उत्तर कायद्याने केव्हाच दिलं आहे. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ मध्ये शाब्दिक आणि भावनिक छळ येतो. मूल किंवा मुलगा नाही म्हणून केलेली हेटाळणीही त्यात स्पष्ट लिहिली आहे. या कायद्याचं संरक्षण फक्त स्त्रीला आहे. आईच्या रडण्याने किंवा बायकोच्या धमक्यांनी घुसमटलेल्या पुरुषाला ते मिळत नाही, समुपदेशकाचं दार मात्र त्यालाही तितकंच उघडं आहे. मदत कुठे मिळेल? टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेल्या स्त्रिया आणि मुलांसाठीच्या विशेष कक्षात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात. घराबाहेर पडणं शक्य नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. फोन घरात तपासला जात असेल, तर दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून लावा.