जुन्या फॉन्टात अडकलेली मराठी

कृती देव फॉन्टमध्ये ‘बीड’ लिहायचे तर सी, एच आणि मोठा एम अशा तीन कळा दाबाव्या लागतात. पडद्यावर बीड दिसते, कागदावरही बीडच उमटते. पण कॉम्प्युटरने साठवलेली असतात ती तीन इंग्रजी अक्षरे. त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. तीच फाइल फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की बीड जाते आणि सी-एच-एम उरते. अंबाजोगाईतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात रोज कोणी ना कोणी असली फाइल पेनड्राइव्हवर घेऊन येते आणि विचारते, “ताई, ह्याचं मराठी कुठं गेलं?”

ते कुठे गेले हे कळायला टाइपरायटरपासून सुरुवात करावी लागते. मी मॅन्युअल मशीनवर टायपिंग शिकले. मशीनला कळा मोजक्या, मराठीत जोडाक्षरे भरपूर. म्हणून अर्धा श वेगळा आणि काना वेगळा; दोन्ही मारले की पूर्ण श. कृती देवने हीच रीत उचलली. आपल्या बीड जिल्ह्यातल्या शिरूरचा ‘शि’ त्यात तीन तुकड्यांत बसतो: आधी पहिली वेलांटी, मग अर्धा श, मग काना. धर्मापुरीतला रफार ‘मा’ पुरा झाल्यावर येतो. म्हणजे अक्षर जसे डोळ्यांना दिसते, तसे ते साठवलेले आहे.

युनिकोड या अक्षरांच्या जागतिक प्रमाणाचा हिशेब वेगळा. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली, त्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. त्या जागांची मांडणी ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावरून घेतलेली होती. युनिकोडमध्ये आधी श आणि मग वेलांटी, आधी र आणि मग म. म्हणजे आपण जसे बोलतो तसे. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फॉन्ट आला आणि साध्या कॉम्प्युटरवर खरी मराठी लिहिता येऊ लागली. तेव्हाच सगळे बदलायला हवे होते, असे आज कोणीही म्हणेल. पण छपाईचा सगळा धंदा पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरवर उभा होता. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची आणि तिला युनिकोड कळतच नाही. मथळ्यांना शोभतील असे युनिकोड फॉन्ट कितीतरी वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मुंबईच्या एक टाइपने काढलेल्या ‘मुक्ता’सारखे फॉन्ट फार पुढचे. त्यातून ज्यांची बोटे जुन्या कळफलकावर बसली आहेत, त्यांच्या पोटाचाही प्रश्न होता. मिनिटाला चाळीस शब्द टाइप करणाऱ्या माणसाला नवा कळफलक शिका म्हणणे म्हणजे काही महिने अर्ध्या कमाईवर राहा म्हणणे.

म्हणून माझ्या दुकानात आजही विंडोज एक्सपीचे एक मशीन चालू आहे. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सांभाळ सोडला, त्यामुळे या मशीनला मी इंटरनेट जोडत नाही. मागे पॅरलल पोर्ट आहे. एका जुन्या फॉन्टसंचाचे डोंगल त्यातच बसते आणि ते बसवल्याशिवाय फॉन्ट उघडत नाहीत. नव्या कॉम्प्युटरला हे पोर्टच नसते. सप्ताहाच्या पत्रिका, पावतीपुस्तके, लग्नपत्रिका, जाहीर नोटिसा, सगळ्यांचे नमुने या मशीनवर आहेत. गळीत हंगामाआधी मुकादम आणि ऊसतोड मजुरांचे उचलीचे करारनामे होतात, तो मसुदाही इथलाच. कितीतरी कोयत्यांचा, म्हणजे ऊसतोड जोडप्यांचा, वर्षाचा हिशेब त्या एका नमुन्यावर ठरला आहे. ऑक्टोबर २०२४ नंतर त्यात शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशे आले, बाकी शब्द तेच.

जुने तंत्र टिकून आहे ते फक्त आमच्याकडेच नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने बेकारी वाढली, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबॉल ही कॉम्प्युटरची भाषा येणाऱ्यांना मदतीला बोलावले. बेकारी भत्त्याची त्यांची यंत्रणा १९५९ साली आखलेल्या त्या भाषेत चालत होती आणि ती जाणणारे बहुतेक जण निवृत्त झालेले. आमच्या धंद्यातही कोणत्या फॉन्टची कोणती आवृत्ती कुठे बिघडते हे ठाऊक असलेली माणसे आता साठीकडे झुकली आहेत.

मागे एक सूनबाई सासऱ्यांची सीडी घेऊन आल्या. गुरुजींनी निवृत्तीनंतर गावचा इतिहास लिहिला होता: १९७२ च्या दुष्काळातली खडी फोडायची कामे, कोणती विहीर कोणी खणली, शिवारातल्या तुकड्यांची नावे. पुस्तक छापायचे राहून गेले, गुरुजी वारले, प्रेस बंद पडला. फाइल पेजमेकरची. इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या अशी फाइल उघडायच्या, पुढच्यांनी ती सोय काढून टाकली. एक्सपीवर ती उघडली, पण फॉन्ट सीडीत नव्हता. माझ्याकडे साठवलेले फॉन्ट एकेक लावून पाहिले, तेव्हा एकातून शब्द उमटू लागले. मग कन्व्हर्टरने युनिकोड केले. तरी ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य तुटला, ज्ञ च्या जागी भलतेच चिन्ह आले, पोटफोड्या ष अर्धाच राहिला. फॉन्टाफॉन्टाच्या चिन्हांच्या जागा वेगळ्या असतात, एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्याही जुळत नाहीत. त्यामुळे कोणताही कन्व्हर्टर काम शंभर टक्के करत नाही. शेवटी आम्ही दोघी शेजारी बसून ओळ न् ओळ वाचली. शिवारांची नावे तर त्यांच्याशिवाय कोणालाच दुरुस्त करता आली नसती.

कागदाची किंमत काय असते हे या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठा आरक्षणासाठी मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. स्कॅन केलेल्या पानांच्या प्रिंट काढायला लोक माझ्याकडे यायचे आणि न वाचता येणाऱ्या ओळीवर बोट ठेवून पणजोबांचे नाव हेच का, असे विचारायचे. आरक्षणावर आमच्या बाजारपेठेत दोन मते आहेत आणि ती कडवी आहेत. त्यात मला पडायचे नाही. पण शंभर वर्षांपूर्वीची शाईची ओळ आजही वाचता आली, कारण कागद टिकला आणि मोडी वाचणारा माणूस सापडला. संतकवी दासोपंतांनी सुमारे चारशे वर्षांपूर्वी कापडावर लिहिलेली पासोडी याच गावात आहे, तीही वाचता येते. १९९८ मध्ये टाइप केलेल्या सोसायटीच्या ठरावाचे तसे होईलच, याची मला खात्री नाही.

आणि आत्ताच तर मराठीवर एवढे बोलणे चालू आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून वाद पेटला आणि २९ जूनला सरकारने त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठी शिकवण्याच्या गोष्टी निघतात. ते यंत्र शिकते ते त्याला वाचता येणाऱ्या मजकुरावरून. जुन्या फॉन्टमधली मराठी त्याला निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग वाटते. १९९० नंतरच्या सुमारे दोन दशकांत तालुक्याच्या गावांत जे टाइप झाले, ते या शिकवणीतून बाहेर राहते. स्थानिक साप्ताहिके, स्मरणिका, शाळांचे अहवाल, हौसेने लिहिलेल्या गावकथा. मोठ्या शहरातली, मोठ्या प्रकाशकांची मराठी त्यात येईल. आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली येणार नाही. मला याचा राग येतो.

अभिजात दर्जाच्या नावाने पैसा येणार असेल, तर त्यातला काही प्रत्येक तालुक्यातल्या दोन-तीन डीटीपीवाल्यांना द्यावा, असे माझे म्हणणे आहे. त्यांच्याकडे जुनी मशीन आहेत, फॉन्ट आहेत आणि चूक कुठे असते हे ओळखणारी नजर आहे. पानामागे दर ठरवा, तपासणीसाठी गावातले गुरुजी घ्या. फॉन्टचे तक्ते सर्वांसाठी खुले करा म्हणून कंपन्यांना विनंती करा. यातले काहीच अवघड नाही, फक्त लवकर व्हायला हवे. घरी लिहिलेल्या सीडी खराब होतात आणि हार्डडिस्क बसतात.

तोवर तुमच्या कपाटात अशी सीडी किंवा जुना कॉम्प्युटर असेल, तर तो भंगारात घालण्याआधी तालुक्याच्या एखाद्या जुन्या डीटीपीवाल्याला दाखवा. कॉम्प्युटर सुरू होत असेल तर कंट्रोल पॅनेलमधला फॉन्टचा फोल्डर आख्खा कॉपी करून घ्या. त्या मजकुराची जुनी छापील प्रत घरात असेल, तर तीही बरोबर आणा, कारण फॉन्ट सापडला नाही तर ताडून पाहायला तेवढीच उरते.